म्हातारपण, आजार, बेकारी: मदत हक्क म्हणून मागता यावी का? (चौघांची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

माळरान

घटनेचं कलम 41 म्हणतं की कामाचा हक्क, आणि बेकारी, वार्धक्य, आजारपण, अपंगत्व यांत सरकारी मदतीचा हक्क राज्याने मिळवून द्यावा. त्याच कलमात 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' अशी पुस्ती आहे. शिवाय कलम 37 सांगतं की ही मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यांच्या जोरावर कोर्टात दाद मागता येणार नाही. माझं मत स्पष्ट आहे. निदान वृद्धांची पेन्शन, काम आणि उपचार एवढ्या तीन गोष्टी तरी मूलभूत हक्कांच्या भागात यायला हव्यात.

योजना आहेत की, असं कुणी म्हणेल. आहेत. पण केंद्राच्या वृद्धापकाळ निवृत्तिवेतनात 60 ते 79 वयाच्या माणसासाठी केंद्राचा वाटा महिना 200 रुपये आहे, आणि 2007 सालीही तो तेवढाच होता. सरकारी नोकरांच्या महागाई भत्त्याचा वर्षातून दोनदा विचार होतो. या 200 रुपयांचा होत नाही, कारण ते वाढवले नाहीत म्हणून कुणाला जाब द्यावा लागत नाही. काही राज्यं स्वतःची भर घालतात, महाराष्ट्रही घालतो, पण कुठल्या राज्यात किती हे तिथल्या सरकारच्या मर्जीवर.

शिक्षणाचं काय झालं ते पाहा. मूळ कलम 45 मध्ये 14 वर्षांपर्यंतच्या सगळ्या मुलांना 10 वर्षांत मोफत आणि सक्तीचं शिक्षण देण्याचं उद्दिष्ट होतं. 1960 आलं आणि गेलं. 1993 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उन्नीकृष्णन खटल्यात तो मूलभूत हक्क मानला, 2002 मध्ये 86वी घटनादुरुस्ती झाली, 2009 मध्ये शिक्षणहक्काचा कायदा आला. तत्त्व पहिल्या दिवसापासून कागदावर होतं, हलायला सुरुवात झाली ती कोर्टाने हक्क म्हटल्यावर.

बाबासाहेबांनी 1947 च्या 'राज्ये आणि अल्पसंख्याक' या निवेदनात आर्थिक रचनाच घटनेत घालायला सांगितली होती, म्हणजे विधिमंडळातलं बहुमत बदललं म्हणून ती बदलणार नाही. ते झालं नाही. निदान या तीन हक्कांपुरतं तरी ते होऊ द्या.

जमाखर्च

तुमची तळमळ पटते, मार्ग पटत नाही. 'आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' ही पुस्ती पळवाट म्हणून घातलेली नाही. पैसा कुठून आणायचा आणि कुठे आधी घालायचा हे निवडून दिलेल्या लोकांनी ठरवायचं असतं, कारण चुकलं तर त्यांना पाच वर्षांनी घरी बसवता येतं. न्यायाधीशांना नाही बसवता येत. कोर्टाने उद्या पेन्शन महिना 5000 करा म्हटलं, तर ते पैसे पाटबंधाऱ्यातून काढायचे की आरोग्यातून, हे कोर्ट सांगणार आहे का?

दक्षिण आफ्रिकेने 1996 च्या घटनेत घराचा हक्क घातला. इरीन ग्रूटबूम नावाच्या बेघर बाईच्या खटल्यात 2000 साली तिथल्या घटनात्मक न्यायालयाने सरकारची गृहयोजना अपुरी ठरवली. जगभर त्या निकालाचं कौतुक झालं. ती बाई 2008 मध्ये वारली, तोवर तिला घर मिळालं नव्हतं. हक्क घटनेत लिहिला की घर उभं राहतं, असं होत नाही. आधी उत्पन्न वाढू द्या, करदाते वाढू द्या.

निशिगंध

जमाखर्च, "आधी वाढू द्या" हे कुणाला सांगायचं? दुसऱ्याच्या घरी तीस वर्षं धुणीभांडी करून गुडघे गेलेल्या बाईला? तिला भविष्यनिर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आजारी पडली की त्या दिवसाचे पैसे नाहीत. उत्पन्न वाढलं तेव्हाही ती हेच काम करत होती.

पण माळरान, तुमच्या उपायातही मला ती बाई दिसत नाही. मूलभूत हक्क म्हणजे रिट, म्हणजे थेट वरच्या कोर्टात करायचा अर्ज. ती उच्च न्यायालयाच्या खंडपीठापर्यंत कधी पोचणार? दुसरं म्हणजे रोजगार हमी ग्रामीण भागापुरतीच. शहरात सकाळी मजूर नाक्यावर उभा राहून दहा वाजता काम न मिळता परत जाणाऱ्या माणसाला कुठलीच हमी नाही.

कोरडवाहू

हक्क म्हणून काम मागायचा अनुभव महाराष्ट्राइतका कुणाला नाही, म्हणून लिहितोय. 1972 च्या दुष्काळात रोजगार हमी उभी राहिली, त्यामागे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे होते. 1977 मध्ये कायदा झाला. त्यासाठी शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसला, आजही पगारपत्रकात दिसतो. पैसा कुठून, या प्रश्नाला तेव्हाच्या विधिमंडळाने असं सरळ उत्तर दिलं होतं. पुढे 2005 चा केंद्राचा ग्रामीण रोजगार हमी कायदा याच वाटेने आला.

आता मी पाहिलेलं सांगतो. त्या 2005 च्या कायद्याखाली काम मागायचं तर नमुना 4 हा मागणीअर्ज भरायचा आणि तारीख घातलेली पोच घ्यायची, अशी रीत होती. तारखेपासून 15 दिवसांत काम नाही मिळालं तर बेकारी भत्ता: पहिले 30 दिवस मजुरीच्या निदान पाव हिस्सा, पुढे निम्मा. आमच्या तालुक्यात बायका नमुना 4 घेऊन गेल्या. अर्ज ठेवून घेतला, पोच दिली नाही. "काम निघालं की निरोप देतो." निरोप येईपर्यंत अर्ध्या बायका ऊसतोडीला निघून गेल्या होत्या. पोच का देत नव्हते, तर मजुरी केंद्र द्यायचं आणि भत्ता मात्र राज्याच्या खिशातून जायचा. तारीख पडली की खर्च सुरू. तारीख नाही तर मागणीच नाही, आणि वर अहवालात लिहायचं की कामाला मागणी कमी आहे.

जमाखर्च

तुम्ही माझंच म्हणणं मांडलंत. कायद्याने दिलेला हक्क आहे, कोर्टात जाता येतं, तरी एक चिठ्ठी मिळत नाही. घटनादुरुस्तीने ती कशी मिळेल?

माळरान

चिठ्ठी अडवतात कारण तिच्यात ताकद आहे. नुसत्या योजनेच्या अर्जाची पोच अडवायची गरजच पडत नाही, कारण ती हातात असूनही काही होत नाही. भत्त्याचा भार केंद्र आणि राज्य दोघांवर टाकला असता तर अडवण्याचं कारणच गेलं असतं. ही कायद्याच्या मांडणीतली खोट आहे, हक्काची नाही.

ग्रूटबूमबद्दल तुम्ही खरंच लिहिलंय. पण त्याच घटनेखाली, त्याच न्यायालयाने 2002 मध्ये सरकारला सांगितलं की आईकडून बाळाला एचआयव्ही होऊ नये म्हणून द्यायचं नेव्हिरापिन मोजक्या केंद्रांपुरतं अडवून ठेवता येणार नाही. औषध इतर सरकारी दवाखान्यांतही खुलं झालं. आणि आपल्याकडे शाळेतलं शिजवलेलं जेवण? सर्वोच्च न्यायालयाच्या 28 नोव्हेंबर 2001 च्या आदेशानंतर ते देशभर सक्तीचं झालं. तेव्हाही राज्यं पैसा नाही असंच म्हणत होती. पोरं आज जेवतात.

निशिगंध

दोन्ही निकाल मान्य. तरी ते लढवायला संघटना होत्या, वकील होते. एकट्या माणसासाठी तालुक्याच्या पातळीवर काय?

कोरडवाहू

महाराष्ट्राचा लोकसेवा हक्क कायदा 2015 चा आहे. दाखला वेळेत दिला नाही तर त्यात अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. कामाच्या मागणीची पोच आणि पेन्शनच्या अर्जावरचा निर्णय, दोन्ही त्या कायद्याच्या यादीत ठळकपणे घाला आणि दंड खरोखर वसूल करा. घटनादुरुस्तीला दोन तृतीयांश बहुमत लागतं, याला सरकारची एक अधिसूचना पुरते. माळरान, तुमची मागणी सोडू नका, पण येत्या उन्हाळ्याआधी मला ही अधिसूचना हवी आहे.