मदत हवी आहे: शिबिरात अर्ध्या वाडीला बीपी निघालं, मशीनच खराब असेल ना?

वाडीकर_पुण्यात
मंडळी जरा अर्जंट आहे. गावाकडं परवा बीपी-शुगरचं शिबिर झालं, आईचं 168 निघालं. नुसती आईच नाही, चुलती, शेजारच्या आक्का, सरपंचांचे वडील, जवळपास अर्ध्या वाडीला बीपी सांगितलंय. एवढ्या जणांना एकदम कसं काय असेल? रोज रानात राबणारी माणसं, ना टेन्शन ना पिझ्झा. मला वाटतं मशीनच गंडलंय. आईला गोळी लिहून दिलीय, चालू करू का नको? रात्री फोन करायचाय, प्लीज लवकर.

मिताली_न
खालचं किती? वय काय? एकदाच बघितलं का परत बघितलं? काहीच लिहायचं नाही आणि म्हणे लवकर.

सैंधवदादा
गोळी अजिबात नको, एकदा लागली की जन्माची. घरातलं मीठ फेका, सैंधव आणा आणि उपाशीपोटी लसणाच्या दोन पाकळ्या. माझ्या सासऱ्यांचं महिन्यात नॉर्मल.

गोळीवाला
सासऱ्यांची गोळी तेव्हा चालू होती का बंद, तेही सांगा की. आणि सैंधव म्हणजे पण सोडियम क्लोराइडच, वर आयोडीन मिळत नाही ते वेगळंच.

सैंधवदादा
तुम्ही मेडिकलवाले, धंदा आहे तुमचा.

गोळीवाला
अम्लोडिपिन, म्हणजे बीपीची नेहमीची गोळी, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. कसला धंदा डोंबलाचा.

वाडीकर_पुण्यात
अहो भांडू नका. वय 58, खालचं 96. दोनदा बघितलं म्हणे. त्रास काही नाही, फक्त गुडघे.

शोभाताई
गुडघ्याला एरंडेल कोमट करून लावा आणि वरून एरंडाचं पान बांधा. मांडी घालून बसणं बंद.

आकडेमोड
मशीनवर खापर फोडायच्या आधी हे बघा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाच्या ग्रामीण भागात 15 वर्षांवरच्या 22.7 टक्के पुरुषांचं आणि 20.2 टक्के बायकांचं बीपी जास्त होतं किंवा गोळी चालू होती. शहरात 26.6 आणि 23.6. म्हणजे फरक आहे पण आपण समजतो तेवढा नाही. आणि त्यात कॉलेजची पोरंपण धरलीत, शिबिराला येतात चाळिशी-साठीची माणसं, मग आकडा वर जाणारच. अर्थात अर्धी वाडी जरा जास्तच वाटते, रांगेत उन्हातून चालत आलेल्याचं लगेच घेतलं किंवा ब्लाऊजच्या बाहीवरूनच पट्टा गुंडाळला तरी आकडा चढतो.

बांधावरून
राबणारी माणसं कुठं राहिलीत आता, नांगरट ट्रॅक्टरनं, मळणी मशीननं. भाकरीबरोबर ठेचा, लोणचं, पापड मात्र तसंच. दिवसाला 5 ग्रॅम मीठ म्हणजे चहाचा एक चमचा, तेवढं तर ठेच्यातच जातं.

सैंधवदादा
आमचे आजोबा ठेचा खाऊन नव्वद वर्षं जगले.

बांधावरून
आजोबांचं बीपी कुणी मोजलं होतं?

मिताली_न
@वाडीकर, गुडघ्यासाठी आई काय घेते?

वाडीकर_पुण्यात
मेडिकलमधून आणते, डायक्लो काहीतरी. रोजच घेते वाटतं. आणि मिश्री लावते, ते तर गावात सगळ्याच लावतात.

गोळीवाला
हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना राव! डायक्लो म्हणजे दुखण्यावरची गोळी, तिनं बीपी चढतं, शिवाय बीपीच्या काही गोळ्यांचा असर कमी होतो. मिश्री म्हणजे तंबाखूच, लावल्यावर लगेच मोजलं तर आकडा वर दिसणार. आईंना उपकेंद्रात घेऊन जा, 30 वर्षांवरच्यांची तपासणी तिथं फुकट होते. पाच मिनिटं गप्प बसवून, पाठ टेकून, उघड्या दंडावर परत मोजायला सांगा. डायक्लोचं पाकीट डॉक्टरला दाखवा. आणि दोनदा मोजून 168/96 आलंय तर लिहून दिलेली गोळी आपल्या मनानं अडवून धरू नका. बीपी दुखत नाही, म्हणून लोक बसतात आणि मग एक दिवस लकवा मारतो.

आकडेमोड
जिल्हा कुठला तुमचा? सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा, भंडारा इथं आयसीएमआरचा (केंद्राची वैद्यकीय संशोधन परिषद) बीपी कंट्रोलचा कार्यक्रम राज्यात सगळ्यात आधी सुरू झाला. तिथं महिन्याच्या गोळ्या एकदम देतात.

वाडीकर_पुण्यात
साताराच. आई म्हणते गोळी घेईन पण मिश्रीबद्दल परत बोललास तर फोन ठेवीन. उद्या आशाताईंबरोबर उपकेंद्रात जातीय. चुलतीनं मात्र आक्काचं पाकीट अर्धं अर्धं वाटून घेतलंय म्हणे, आता तिला कोण सांगणार.

गोळीवाला
आशाताईंनाच सांगा, दोघींनापण घेऊन जाऊदेत.

नवीन_सदस्य_07
माझ्या मिसेसचं 130/85, वय 34. हे बीपी धरायचं का?

मिताली_न
वेगळा धागा काढा. आणि किती वेळा मोजलं ते लिहा!