पाच वाव पाणी

‘नॉटिकल चार्ट’ला ‘सागरी नकाशा’ म्हणावे की ‘नाविक नकाशा’, असा प्रश्न आपण विचारला आहे. माझा कल ‘नाविक नकाशा’कडे आहे. ‘सागरी नकाशा’ म्हटले की शाळेच्या भूगोलातील निळा अरबी समुद्र डोळ्यांपुढे येतो, तर नाविकाच्या कामाच्या कागदावर जमीन नावापुरती असते आणि पाणी मात्र खोलीच्या आकड्यांनी भरलेले असते. ‘तक्ता’ हा पर्याय मला पटत नाही. तो ऐकून भिंतीवरची बाराखडीच आठवते.

खरी अडचण त्या आकड्यांच्या मापाची आहे. बडोद्याच्या दांडिया बाजारात आमच्या मामांच्या बैठकीत मुंबई बंदराचा इंग्रजी अमदानीतला एक नकाशा काचेच्या चौकटीत टांगलेला असे. त्यावरील मोठा पाच आणि त्याच्या पायाशी बारीक दोन पाहून पाहुणे ‘सव्वापाच मीटर’ म्हणत, आणि मामा दोन्ही हात पसरून उभे राहत. तेच ते माप, म्हणजे वाव. संस्कृतातील ‘व्याम’ हा त्याचा पूर्वज असून एक वाव म्हणजे सहा फूट. म्हणजे त्या ठिकाणी पाच वाव दोन फूट, एकूण बत्तीस फूट पाणी होते. हीच खूण मीटरच्या नव्या नकाशावर असती, तर ती ५.२ मीटर वाचली जाऊन पाणी जेमतेम सतरा फूट ठरले असते. गजबजलेल्या बंदरात नकाशाच्या शीर्षकाखालची मापाची ओळ आधी वाचतात, ती यासाठीच.

शिवाय हे आकडे त्या घटकेचे पाणी सांगत नाहीत. खोल ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली ती खोली असते आणि तिच्यात भरती मिळवावी लागते. उधाण (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) आणि भांग (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) यांत मोठा फरक पडत असल्याने जड जहाजाला गोदीत शिरण्याआधी भरतीची वाट पाहत नांगर टाकून थांबावे लागते. नांगर कुठे टाकायचा तेही नकाशाच सांगतो: चिखल नांगर धरतो, गुळगुळीत खडक धरत नाही. पूर्वी दोरीला बांधलेल्या शिशाच्या वजनाच्या खालच्या खळग्यात चरबी भरून ते तळाला टेकवीत, आणि चरबीला चिकटलेल्या वाळूवरून किंवा शिंपल्यांवरून तळाची नोंद करीत.

बडोद्यात ‘वाव’ लिहिताना जरा जपावे लागते. गायकवाडी राज्याने १९२६ मध्ये ओखा बंदर खुले केले असले, तरी आमच्याकडे वाव म्हणजे पायऱ्यांची विहीर, लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारातील नवलखी वाव. ती ‘वापी’वरून आलेली, म्हणजे अगदी वेगळ्या कुळातली. ‘संधी’ या अर्थाचा वाव आणखी निराळा. तरीही जुन्या नकाशांविषयी लिहिताना ‘फॅदम’ हा त्या मापाचा इंग्रजी शब्द मी घेणार नाही. कोकणातील मच्छीमारांप्रमाणे आकड्यामागे ‘पाणी’ जोडून ‘पाच वाव पाणी’ असे लिहिले, की विहिरीचा घोटाळा होत नाही.