दोन सेकंदांच्या रेषेवरून गॅमा किरण स्फोटाचे मूळ ठरवावे का?

प्रश्न

बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी टिपण तयार करताना मी एका ठिकाणी अडले आहे. दोन सेकंदांहून कमी काळ टिकलेला गॅमा किरण स्फोट (अवकाशातून येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळचा तीव्र झोत) न्यूट्रॉन ताऱ्यांच्या, म्हणजे मृत ताऱ्यांच्या अतिघन गाभ्यांच्या, विलीनीकरणातून होतो आणि त्याहून लांबलेला स्फोट महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळून होतो, असे पुस्तकांत सरळ दिलेले असते. मात्र सुमारे ५० सेकंद चाललेला जीआरबी २११२११ए (जीआरबी म्हणजे गॅमा किरण स्फोट) विलीनीकरणातूनच झाला असावा, असे वाचनात आले. मग वर्गात नेमके काय शिकवावे?

प्रतिसाद १

ही रेषा आली कुठून, ते आधी सांगावे. कॉम्प्टन या अवकाश वेधशाळेवरील बॅट्से या गॅमा किरण टिपणाऱ्या उपकरणाने टिपलेल्या स्फोटांचा कालावधीनुसार आलेख १९९३ साली प्रसिद्ध झाला, तेव्हा त्यात दोन उंचवटे दिसले आणि त्यांमधला खोलगट भाग दोन सेकंदांच्या आसपास आला. एवढाच तिचा आधार आहे. शिवाय कालावधी मोजताना पहिला ५ टक्के आणि शेवटचा ५ टक्के प्रकाश वगळतात, त्यामुळे स्फोटाची मंद शेपटी ज्या उपकरणाला दिसत नाही, त्याच्या नोंदीत तोच स्फोट आखूड ठरतो.

प्रतिसाद २

वरील मुद्दा मान्य आहे. माझ्या मते मूळ ठरवायचे ते मागे उरलेल्या प्रकाशावरून. २००३ साली जीआरबी ०३०३२९ च्या पाठोपाठ सुपरनोव्हाचा, म्हणजे ताऱ्याच्या स्फोटाचा, स्पष्ट वर्णपट मिळाला आणि लांब स्फोटांचा कोसळत्या ताऱ्यांशी असलेला संबंध पक्का झाला. १७ ऑगस्ट २०१७ रोजी दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या विलीनीकरणातून आलेल्या गुरुत्वीय लहरींनंतर १.७ सेकंदांनी आखूड स्फोट टिपला गेला. हे विलीनीकरण जिथे झाले त्या १३ कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत सुरुवातीला निळसर दिसणारा ठिपका काही दिवसांतच लाल होत मावळला, कारण विलीनीकरणात तयार झालेली जड मूलद्रव्ये निळा प्रकाश अडवतात. यालाच किलोनोव्हा म्हणतात. जीआरबी २११२११ए नंतर असाच अवरक्त प्रकाश दिसला आणि सुपरनोव्हा मात्र सापडला नाही. उलट जेमतेम सेकंदभराच्या जीआरबी २००८२६ए मागे सुपरनोव्हाच्या खुणा मिळाल्या. ही जोडी वर्गात शेजारी शेजारी मांडावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

प्रतिसाद ३

एक भर घालतो. १५ एप्रिल २०२० चा स्फोट आखूडच होता, परंतु तो एनजीसी २५३ या शेजारच्या दीर्घिकेतील मॅग्नेटारचा, म्हणजे प्रचंड चुंबकक्षेत्र असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्याचा, महाउद्रेक असल्याचे मानले जाते. तिथे कोणताही तारा कोसळला नाही की दोन तारे एकत्र आले नाहीत, म्हणून टिपणातील तक्त्यात त्यासाठी तिसरी ओळ ठेवावी.