शिकणाऱ्या पोराला सिम्बल ‘कुठलेही’ चालत नाहीत

हायहॅट_इंदिरानगर

काल आमच्या वादकांच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, “शिकाऊ मुलाला सिम्बल कुठलेही चालतात. सगळे पैसे ड्रमसेटमध्ये घाला, मोठा सात पीसचा घ्या, सिम्बल काय नंतर बदलता येतात.” खाली धडाधड अंगठे पडले. रात्रभर ते डोक्यातून गेलं नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितोय. सिम्बल म्हणजे ड्रमसेटवरच्या धातूच्या थाळ्या.

ड्रम लावता येतो. पॉप्लरच्या लाकडाचा साधा सेट असू दे, नवी हेड (ड्रमवरची ताणलेली पानं) चढवा, ‘की’ म्हणजे किल्ली घेऊन समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळत जा, तासाभरात सेट बोलायला लागतो. सिम्बलला असं काही करता येत नाही. कारखान्यातून जो आवाज घेऊन आला, तोच शेवटपर्यंत. आणि गाण्यात हात जास्तीत जास्त वेळ कुठे असतो? हायहॅटवर (पायाने उघडझाप होणारी सिम्बलची जोडी), नाहीतर राईडवर (सतत ठोका धरायचं मोठं सिम्बल). टॉम, म्हणजे सेटमधले सुटे ड्रम, चार ओळींनंतर एकदा वाजतात. मग पैसा त्या तीन जास्तीच्या टॉमवर का घालायचा?

२००८ साली नाशिकच्या अंबडला नोकरी लागली आणि पहिल्या सहा महिन्यांत साठवून मी लाल रंगाचा सात पीसचा सेट घेतला. सोबत पितळी सिम्बल आले. त्यांच्यावर दोन वर्षं रियाज केला. हायहॅट अर्धी उघडा, पूर्ण उघडा, खळखळ एकच. उघडझाप केल्याचा फरक कानाला कळतच नसेल तर पाय शिकणार कसा? पुढे मुंबईहून १४ इंची जुनी बी२० (वीस टक्के कथिलाच्या कांस्याची) हायहॅट आणली. काडीच्या टोकाने मारलं की एक आवाज, मानेने मारलं की दुसरा, पाय जरासा सैल केला की तिसरा. त्या दिवशी मला खरोखर रडू आलं. दोन वर्षं मी स्वतःला बेताल समजत होतो.

आणखी एक. ढोलपथकातून आलेल्या पोरांना मी सुरुवातीला माझ्या सिम्बलला हात लावू देत नाही. खांद्यातून मारायची सवय असते, महिन्याभरात क्रॅशला (एकदाच जोरात वाजवायच्या सिम्बलला) चीर जाते.

स्टुडिओ_गंगापूररोड

पहिला अर्धा मुद्दा बरोबर, बाकीचा बी२०चा सोस आहे. पाइस्टे कंपनीची ‘२००२’ नावाची सिम्बलची मालिका आठ टक्के कथिलाच्या कांस्याची, म्हणजे तुमच्या हिशेबाने ‘हलक्या’ धातूची. १९७१ पासून ती चालू आहे आणि लेड झेपेलिन बँडचा ड्रमर जॉन बॉनम तीच वाजवायचा. त्याला कमी पडलं नाही, आपल्या बारावीच्या पोराला पडेल?

माझ्याकडे रेकॉर्डिंगला बँड येतात. सिम्बलच्या पिशवीत पाऊण लाखाचा माल, आणि स्नेअरचं (समोरच्या मुख्य ड्रमचं) हेड मध्यभागी खड्डा पडून पांढरं झालेलं. खालचं हेड तर सेट घेतल्यापासून कुणी बदललेलंच नसतं. ‘ड्रम लावता येतो’ हे तुम्ही इतकं सहज लिहिलंत, पण लावतो कोण? गेल्या वर्षभरात माझ्याकडे आलेल्यांपैकी स्वतःचा फ्लोअर टॉम (जमिनीवर उभा राहणारा मोठा टॉम) सुरात लावू शकणारे मी एका हाताच्या बोटांवर मोजेन. आधी हेड आणि की. सिम्बलचं त्यानंतर बघू.

तांबट_लेन

धातूवरून बोलणं निघालंय म्हणून लिहितो. आमच्या घरात आजोबांपर्यंत भांडी घडवायचं काम होतं, मी स्वतः भांडी बाजारात बसतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. कासं म्हणजे तांबं आणि कथील, तेच कथील जे कल्हईला लागतं. बी२० म्हणजे शंभरात ८० भाग तांबं, २० भाग कथील. आपल्या काशाच्या ताटात कथील साधारण बावीसच्या आसपास असतं. म्हणजे तुमचं महागडं सिम्बल आणि आजीचं काशाचं ताट ही जवळजवळ सख्खी भावंडं. बी८ मध्ये कथील ८ भाग, तो धातू मऊ, म्हणून त्याचे पत्रे लाटून त्यातून गोल कापता येतात. वीस टक्क्यांचा ओतीव धातू थंडपणी लाटला की तडकतो. त्याला लाल तापवूनच लाटावं लागतं आणि मग पाण्यात विझवावं लागतं. खर्च तिथे आहे, नावाचा खर्च वेगळा.

खात्री करायची तर घरात करा. एक पितळी ताटली आणि एक काशाची वाटी बोटावर तोलून लाकडी चमच्याने हलकेच वाजवा. पितळ चटकन गप्प होतं, कासं बोलत राहतं. वारकरी टाळ घेताना काय करतात? दुकानात दहा जोड्या कानाशी धरून वाजवतात, मग एक पिशवीत जाते. नाव कुणी विचारत नाही.

झिल्जियन या सिम्बल कंपनीबद्दलही सांगतो. १६२३ साली इस्तंबूलमध्ये अवेदिस नावाच्या अर्मेनियन कारागिराने तो कारखाना काढला. तुर्कीत झिल म्हणजे झांज. झिल्जियन म्हणजे झांज घडवणाऱ्यांचं घराणं. आमच्या तांबट आडनावासारखंच, कामावरून पडलेलं. त्याच घरातल्या एकाने वेगळं होऊन १९८१ मध्ये कॅनडात सेबियन ही सिम्बल कंपनी काढली.

पंचवटी_ढोल

हायहॅट दादा, वरची माहिती छान आहे, पण तुमच्या शेवटच्या दोन ओळींवर कुणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. ‘पथकातली पोरं क्रॅश फोडतात’ म्हणजे काय? देशभर मिरवणुकांत ज्या ढोलाला ‘नाशिक ढोल’ म्हणून ओळखतात, त्या गावात बसून तुम्ही हे लिहिताय.

मी अकरा वर्षं पथकात आहे. टिपरू खांद्यातून मारणारा पहिल्या आठवड्यातच गळतो, दोन-तीन तास कमरेला ढोल बांधून उभं राहायचं असतं. मनगट नसेल तर माणूस टिकत नाही. ड्रमचं हेड आणि ढोलाचं पान, दोन्ही आधी चामड्याचीच होती. तुम्ही की फिरवता, आम्ही ताण देतो. काम तेच. आमच्याकडे पान उतरलं की पंधरा वर्षांचा पोरगाही ओळखतो, आणि वरचे स्टुडिओवाले म्हणतात की ड्रमरांना फ्लोअर टॉम लावता येत नाही. मग कान कुणाचा तयार?

हायहॅट_इंदिरानगर

भाऊ, मी अपमान करायला लिहिलं नव्हतं. माझी १६ इंची क्रॅश खरंच फुटली आहे, आणि फोडणारा पथकातलाच होता. सरळ वरून कडेवर मारलं.

पंचवटी_ढोल

एकाने फोडली म्हणून सगळे? विंगनट (सिम्बल दांड्यावर धरून ठेवणारा नट) किती आवळला होता ते सांगा आधी. खाली फेल्ट होतं का? दांड्यावर प्लॅस्टिकची नळी होती का? सिम्बल हलायला जागा नसेल तर कुणीही मारलं तरी फुटणार.

आणि ताशा विसरलात. दोन बारीक काड्यांनी जो माणूस अर्धा तास तर्री ओढतो, त्याच्यासमोर तुमच्या क्लासमधला तिसऱ्या ग्रेडचा पोरगा बसवा आणि स्नेअरवर दोघांचे सिंगल (हात आलटून पालटून मारलेले ठोके) ऐका. मग बोलू.

पॅडवाला_सातपूर

दोघंही भांडताय खरे, पण वाजवायचं कुठे हा प्रश्न कुणी घेत नाही. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो. घरी एकदाच सेट लावला होता, सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर. चौथ्या दिवशी सोसायटीची नोटीस. रहिवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५. खोलीत मोकळा वाजवलेला सेट १००च्या वर सहज जातो. सकाळी अकराला वाजवत होतो तरी खालच्या आजोबांनी पोलीस बोलावले. त्याच सोसायटीच्या गेटवर विसर्जनाला डीजेच्या भिंती लागतात तेव्हा कुणी फोन उचलत नाही. हे मला आजही खुपतं. मी सेट विकला, भाव आला अर्धा.

शिकणाऱ्याने जाळीच्या हेडचा इलेक्ट्रॉनिक सेट घ्यावा. हेडफोन लावा, रात्री दहानंतरही वाजवा. सिम्बलचा वाद संपला.

हायहॅट_इंदिरानगर

तिथेच तर सुरू होतो. रबरी हायहॅटवर दोन वर्षं शिकलेला मुलगा खऱ्या सेटवर बसला की सगळं सारख्याच जोरात वाजवतो, कारण मशीन त्याला सांभाळून घेत असतं. घरात आवाज नको असेल तर बारीक भोकांचे कमी आवाजाचे सिम्बल मिळतात आणि टॉमवर जाळीची हेड बसतात. काडीला लागणारा तो धातूच असतो.

पॅडवाला_सातपूर

किक पेडलचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) दणका स्लॅबमधून खाली जातो, त्याला काय भोकं पाडणार? खालच्या माणसाला सिम्बल ऐकू येत नाही, किक ऐकू येते. इलेक्ट्रॉनिकचाही जातो, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. खाली जाड रबर आणि त्यावर प्लायवूडची फळी, एवढं तरी करा. आणि पथकवाल्या भाऊंना एकच विचारतो, सराव नदीकाठी करता ना? आमच्या आजोबांसारखे म्हातारे तिथेही राहतात.

पंचवटी_ढोल

राहतात. म्हणून नऊला बंद करतो, आणि परीक्षेच्या दिवसांत सराव गावाबाहेर नेतो. आमच्या माथी डीजे मारू नका. डीजे आल्यापासून पथकांच्या सुपाऱ्या गेल्या, तुमच्यापेक्षा आमचं जास्त नुकसान झालंय.

कॉलेजरोडची_आई

माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, दीड वर्ष शिकतोय. तुमची चर्चा सकाळपासून वाचतेय. ढोल आणि डीजेवर जेवढं लिहिलंत त्याच्या निम्मं तरी मला उपयोगी पडेल असं कुणी लिहा, ही विनंती.

आमचा अनुभव सांगते. पहिल्या क्लासमध्ये सांगितलं, सेट आमच्याकडूनच घ्या, नाहीतर मुलगा मागे पडेल. घेतला. सोबत आलेलं स्टूल तीन महिन्यांत डुगडुगायला लागलं. त्याची उंची वाढेना, मुलाचे गुडघे वर यायचे. पाठ दुखते म्हणायचा. मला वाटायचं, रियाजाचा कंटाळा. शेवटी नवीन सर घरी आले आणि त्याला आमच्या जेवणाच्या खुर्चीवर दोन उश्या ठेवून बसवलं. त्या दिवशी तो सलग चाळीस मिनिटं वाजवत होता. दीड वर्षात कुणी स्टूलबद्दल बोललं नव्हतं. इथेही वर कुणी बोललेलं नाही. पेडलची साखळी अडकते, त्याबद्दलही नाही. कानात घालायच्या बोळ्यांबद्दल तर नाहीच.

आता तो सेट विकून ६० हजारांत नीट काहीतरी घ्यायचं आहे. सिम्बल आधी की हेड आधी?

हायहॅट_इंदिरानगर

ताई, स्टूलचं मी लिहायला हवं होतं. मान्य. बसणं चुकलं तर पाय चुकतो, आणि पाय चुकला तर माझी ती बी२० हायहॅटही काही करणार नाही. पेडलचंही मान्य. कानाच्या बोळ्या तर आजच घ्या, माझ्या उजव्या कानात शिट्टी वाजते.

मी तुमच्या जागी असतो तर असं केलं असतं. सेट जुना, पाच पीसचा, त्यातला एक टॉम लावलाच नाही तरी चालेल. जुना सेट बघायला जाल तेव्हा हेड काढून टॉम ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवा आणि आत मोबाईलचा टॉर्च लावा. कडेखालून एखाद्याच जागी उजेड येत असेल तर कड खराब आहे, तो ड्रम कधी नीट लागणार नाही. त्यानंतर स्टूल आणि पेडल नवीन. उरलेल्यातला मोठा वाटा १४ इंची हायहॅटवर, मग २० इंची राईड. क्रॅश सध्या स्वस्तातली, हात तिरका पडायला लागेपर्यंत. जुनं सिम्बल घेताना मधल्या भोकाभोवती आणि कडेला नख फिरवा, चीर नखाला लागते.

स्टुडिओ_गंगापूररोड

म्हणजे क्रॅश ‘कुठलीही’ चालते तर. निदान एका सिम्बलपुरतं तरी काल रात्रीच्या त्या पोस्टवाल्याचं बरोबर निघालं.

ताई, यांच्या यादीत हेड नाहीत. जुन्या सेटवर जुनी हेड येतील. स्नेअरला वर एका थराचं खरबरीत पांढरं, टॉमना दोन थरांची, आणि खालची पातळ हेडसुद्धा बदला. ते पैसे राईडमधून काढा. राईड एक वर्ष थांबेल.

हायहॅट_इंदिरानगर

राईड थांबणार नाही. हेड मी घालतो यादीत, पण पैसे सेटमधून काढा.

तांबट_लेन

ताई, काहीही घ्या, मुलाला सोबत न्या आणि त्यालाच वाजवू द्या. मग दुकानदाराला त्याच्या पाठीमागे उभं राहून दोन हायहॅट आलटून पालटून वाजवायला सांगा, नाव न दाखवता. बारा वर्षांच्या पोराचा कान आपल्यापेक्षा चांगला असतो.

पंचवटी_ढोल

हायहॅट दादा, विंगनटचं उत्तर राहिलं.

हायहॅट_इंदिरानगर

आताच जुना फोटो काढून बघितला. फेल्ट होतं, नळी नव्हती. नट मीच आवळला होता, सिम्बल फार हलतं म्हणून. त्या पोराला मी तेव्हा बरंच बोललो होतो. त्याचा नंबर आहे माझ्याकडे, उद्या फोन करतो.

पण तो मारत खांद्यातूनच होता.

पंचवटी_ढोल

फोन करा आधी.