शब्दचर्चा: 'सफर' नावाचा आल्बम आणि 'मेलॉडिक हार्डकोअर'

प्रश्न

लॉस एंजेलिसच्या बॅड रिलिजन या पंक रॉक बँडवर मराठीत लेख लिहितोय. त्यांच्या १९८८च्या आल्बमचं नाव आहे Suffer, पण देवनागरीत लिहिलं की होतं 'सफर', आणि वाचणाऱ्याला प्रवासच आठवतो. भाषांतर करायचं तर 'भोग', 'सोसणं', 'यातना' यांतलं काय घ्यावं? त्यांच्या संगीतप्रकाराला, 'मेलॉडिक हार्डकोअर'ला, 'सुरेल कट्टर संगीत' म्हटलेलं वाचलं, तेही पटत नाही. आणि 'स्टुडिओ आल्बम'ला 'ध्वनिमुद्रिका' चालेल का?

उत्तर

'भोग' नकोच. भोग म्हटलं की प्रारब्ध आलं, मागच्या जन्मीचं देणं आलं. या बँडची खूण म्हणजे क्रॉस आणि त्यावर मनाईची लाल रेघ. गायक ग्रेग ग्राफिननं पुढे उत्क्रांतीशास्त्रज्ञांच्या धर्मविषयक मतांवर कॉर्नेल विद्यापीठात डॉक्टरेट मिळवली. त्यांच्या तोंडी 'भोग' घालणं म्हणजे अर्थ उलटा करणं.

'सोसणं' बरंच जवळचं. पण आपल्याकडे त्या शब्दाला कौतुक चिकटलेलं आहे: 'फार सोसलं हो तिनं'. 'सोशीक' ही तर शाबासकीच. आल्बमचं मुखपृष्ठ बघा. उपनगरातल्या घरांसमोर एक मुलगा उभा आहे आणि त्याचं अंग पेटलेलं आहे. त्याला सोशीक कसं म्हणणार? मला 'सोसत बसा' योग्य वाटतं. त्यात चीड आहे, आणि ऐकणाऱ्याला उद्देशूनही आहे. मूळ नाव तसंच ठेवावं, पहिल्या उल्लेखात हा अर्थ सांगावा.

दुसरं उत्तर

'कट्टर' हे 'हार्डकोअर फॅन'साठी ठीक. इथे हार्डकोअर हे एका संगीताचं नाव आहे: १९८०च्या आसपास अमेरिका-कॅनडात पंक अधिक वेगवान आणि आक्रमक झालं, ते. डी.ओ.ए. या व्हँकुव्हरच्या बँडनं १९८१मध्ये आल्बमच्या नावातच तो शब्द घेतला. ठुमरीचं जसं भाषांतर करत नाही, तसं याचंही करू नये.

'मेलॉडिक'साठी मात्र आपल्याकडे शब्द आहे, 'चाल'. 'सुरेल' म्हणजे सुरात असलेलं, 'मधुर' म्हणजे गोड. इथे दोन्ही अभिप्रेत नाही. गिटारी कर्कश, ड्रम्स अतिद्रुत, तरी गाण्याला गुणगुणता येईल अशी पक्की चाल, ही खरी ओळख. 'सफर'मध्ये पंधरा गाणी जेमतेम सव्वीस मिनिटांत संपतात आणि तरी त्यांच्या चाली डोक्यात राहतात. ग्राफिनच्या मागे इतरांचे 'ऊ' आणि 'आ' असे लांबवलेले आवाज येतात, त्यामुळे हे घडतं. त्यांना सरळ 'कोरस' म्हणा. मराठीत कोरस म्हणजे मागे मिळून गाणारे. पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळींना 'ध्रुवपद' आहेच. रॉकवर लिहिताना दोन्हींना 'कोरस' म्हटल्यानं फार गोंधळ होतो.

तिसरं उत्तर

'ध्वनिमुद्रिका' म्हणजे तबकडी, ती एका गाण्याचीही असते. आल्बम म्हणजे संच. पूर्वी मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या अनेक तबकड्या वहीसारख्या पुठ्ठ्याच्या बांधणीत विकत, तिथून हे नाव आलं. तेव्हा 'आल्बम'च लिहा. 'स्टुडिओ' हा शब्द मैफलीतल्या ध्वनिमुद्रणापासून वेगळेपण दाखवायचं असेल तिथेच हवा.

प्रश्नकर्ता

'सोसत बसा' घेतो. 'अतिद्रुत'सुद्धा.