पॅड नवे, टायर २.३ मिमी: हा पावसाळा निघेल का?

कुंभार्ली_उतार:
गाडी पेट्रोल सेडान, टायर १८५/६५ आर १५, एकूण ४६,००० किमी. पुढचे ब्रेक पॅड महिन्याभरापूर्वी नवे टाकले, ब्रेक ऑइलही बदललं. एबीएस आहे. कोरड्या रस्त्यावर ब्रेक चोख लागतो, गाडी कुठल्याही बाजूला ओढत नाही.

टायर मात्र कंपनीतून आलेलेच आहेत. साइडवॉलवर शेवटचे चार आकडे २२१९. गेजने मोजलं तर पुढे २.३ मिमी, मागे ३.१ मिमी. महिन्यातून दोनदा पुणे–सातारा–पाटण–चिपळूण फेरी असते, पावसाळ्यातही.

टायरवाला म्हणतो, "पट्टीपर्यंत आले नाहीत, अजून एक सीझन निघेल." दुसऱ्या दुकानात एका अनोळखी ब्रँडचे चार टायर नगामागे दीड हजार कमी भावात मिळताहेत. तीन प्रश्न आहेत. हेच टायर या पावसाळ्यात चालतील का? बदलायचे तर दोन की चार? आणि स्वस्त टायरने ब्रेकिंगमध्ये खरंच किती फरक पडतो?

व्हर्नियर:
टायरवाला कायद्याचं बोलतोय. कारसाठी नक्षीची किमान खोली १.६ मिमी आहे. मुख्य खाचांच्या तळाशी रबराचे आडवे उंचवटे असतात, तीच ती पट्टी. साइडवॉलच्या वरच्या कडेला छोटा त्रिकोण दिसला की त्याच्या सरळ रेषेत खाचेत बघा. पण १.६ ही टायर फेकून देण्याची हद्द आहे. ओल्या रस्त्यावरची पकड त्याच्या बरीच आधी, ३ मिमीच्या आसपास, झपाट्याने उतरायला लागते. नवा टायर ७ ते ८ मिमीचा असतो. म्हणजे तुमच्या पुढच्या चाकांवर वापरण्याजोगं रबर पाऊण मिलिमीटरही उरलेलं नाही.

कोरड्यात ब्रेक चोख लागतो यात नवल नाही, आणि खरी फसगत तिथेच होते. कोरड्या डांबरावर घासलेला टायर नव्यापेक्षा वाईट थांबत नाही. खाचा कमी म्हणजे रस्त्याला लागणारं रबर जास्त, आणि नक्षीचे ठोकळे बुटके झाल्याने लवतही नाहीत. उन्हाळाभर गाडी उत्तम थांबते आणि जूनच्या पहिल्या सरीला तोच टायर दगा देतो. त्यात पहिल्या पावसात रस्त्यावरची धूळ, तेल आणि रबराची भुकटी मिळून जो चिकट थर होतो, तो जोरदार पाऊस पडून धुपेपर्यंत सगळ्यात निसरडा असतो.

आता पॅडबद्दल. पॅड चाक थांबवतात, गाडी थांबवतो टायर. ओल्या रस्त्यावर जुने पॅडसुद्धा चाक जाम करू शकतात, आणि चाक जाम व्हायला लागलं की एबीएस दाब सोडतं आणि पुन्हा धरतं. एबीएस आहे तेवढीच पकड पुरवून वापरतं, नवीन पकड निर्माण करत नाही. नव्या पॅडचा उपयोग लांब उतारावर ब्रेक तापतो तेव्हा. थांबण्याचं अंतर ठरतं ते चार तळहातांएवढ्या रबरावर.

आकडे घ्या. वेग ८० किमी, म्हणजे सेकंदाला २२ मीटर. पकडीचा गुणांक कोरड्यात ०.८, चांगल्या टायरला ओल्यात ०.६ आणि घासलेल्याला ०.४ धरू. ब्रेक लागल्यापासून थांबेपर्यंत कोरड्यात ३१ मीटर, ओल्यात चांगल्या टायरवर ४२ आणि घासलेल्या टायरवर ६३. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद म्हणजे आणखी २२ मीटर, ते तिन्हींत मिळवा. ४२ आणि ६३ मधला फरक नुसता २१ मीटरचा वाटतो. पण चांगल्या टायरची गाडी जिथे पूर्ण थांबली, तिथे घासलेल्या टायरची गाडी अजून ४६ च्या वेगाने चाललेली असते. पुढे बंद पडलेला ट्रक असेल तर धडक ४६ ला बसते.

खाचांचं काम काय, तेही बघा. रस्त्यावर ३ मिमी पाणी आहे, टायरचा टेकणारा भाग १५० मिमी रुंद आहे आणि वेग ८० आहे. एका चाकाला दर सेकंदाला साधारण १० लिटर पाणी बाजूला सारायचं असतं. २ मिमीच्या खाचेत ते मावत नाही. पाणी टायरच्या पुढे साचतं, मग पाचरीसारखं खाली शिरतं आणि चाक तरंगायला लागतं. अशा वेळी स्टिअरिंग एकदम हलकं होतं. ब्रेक मारू नका, स्टिअरिंग सरळ धरा, ॲक्सिलरेटर हळूहळू सोडा.

उत्तर एका ओळीत द्यायचं तर या टायरवर पाटण–चिपळूण वाटेवरचा कुंभार्ली घाट उतरू नका.

हवा_बत्तीस:
वरचं सगळं मान्य, फक्त हवेचा मुद्दा राहिला. चाक कुठल्या वेगाला तरंगायला लागेल हे खाचा अपुऱ्या पडल्यावर मुख्यतः हवेच्या दाबावर ठरतं. विमानांच्या चाकांवरून बसवलेलं एक ढोबळ सूत्र आहे: दाबाचं वर्गमूळ गुणिले १६.६ म्हणजे किमी प्रतितास. ३२ पीएसआयला ९४ येतं, २४ ला ८१. आठ पीएसआय कमी असले की तेरा किलोमीटर आधीच पकड सुटते. सूत्र ढोबळ आहे, पण कल कळायला पुरतं.

हवा गार टायरमध्येच तपासा, म्हणजे गाडी तीन तास उभी असताना किंवा दोन-तीन किलोमीटरच्या आत. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरचा घ्या, साइडवॉलवरचा नाही. साइडवॉलवरचा कमाल दाब असतो. चार माणसं आणि सामान असेल तर स्टिकरवर वेगळा रकाना असतो, तो बघा. ३३ भरून निघालात आणि तासाभराने पंपावर ३७ दाखवली तर काढून टाकू नका. तापमान ५-६ अंशांनी वाढलं की दाब साधारण एक पीएसआय वाढतो, तो तसाच अपेक्षित आहे. गरम टायरमधून हवा काढली तर गार झाल्यावर तो कमी हवेचा टायर होतो. कमी हवेच्या टायरची साइडवॉल दर फेऱ्याला जास्त दुमडते, तापते, आतल्या दोऱ्यांचा जोड सुटतो. समृद्धीसारख्या सरळ सिमेंटच्या रस्त्यावर तासन्‌तास एकाच वेगाने पळताना टायर फुटतात, त्यामागे बहुतेक वेळा हेच असतं. जास्त हवेला नाहक दोष दिला जातो.

बजेट आखडतं असेल तर दोन चांगले टायर घ्या आणि ते मागे टाका. मागचे ३.१ चे पुढे आणा. गाडी पुढच्या चाकांवर चालते म्हणून नवे पुढे टाकायचे, हा सल्ला दुकानात हमखास मिळतो आणि तो चुकीचा आहे. ओल्या वळणावर पुढची पकड सुटली तर गाडी सरळ जाते, हाताला कळतं, पाय उचलला की पुन्हा धरते. मागची सुटली तर गाडी स्वतःभोवती फिरते, आणि घाटात ती सावरायला रस्ताच उरत नाही.

शोअर_ए:
नवे टायर मागे, हे बरोबरच. पण इथे "दोन घ्या" हा सल्ला लागू नाही, कारण आकडा २२१९ आहे. २०१९ सालचा २२ वा आठवडा. सहा वर्षं उलटली. ३.१ मिमी उरले असले तरी ते रबर आता नव्यासारखं राहिलेलं नाही.

पकड दोन गोष्टींनी येते. खाचा पाणी बाहेर काढतात, आणि मऊ रबर डांबराच्या बारीक खडबडीत शिरून धरतं. ऊन आणि ऑक्सिजन लागून रबर कडक होत जातं. ड्युरोमीटर नावाचं सुई टोचून कडकपणा मोजायचं छोटं उपकरण असतं. कारचा नवा टायर शोअर ए मापात साधारण ६० ते ६५ भरतो. उन्हात उभ्या राहणाऱ्या गाडीचा सहा-सात वर्षांचा टायर ७५ च्या पुढे गेलेला सापडतो. उपकरण नसेल तर नख दाबून बघा. नव्या टायरच्या ठोकळ्यात नख किंचित रुततं, कडक झालेल्यावर घसरतं. खाचांच्या तळाशी आणि साइडवॉलला केसासारख्या भेगा असतील तर खोली मोजायचीही गरज नाही.

आता स्वस्त टायरचा प्रश्न. पैसा बहुतेक रबराच्या मिश्रणातच वाचवलेला असतो. ओल्यावर धरणारं, लवकर न झिजणारं आणि इंधन न खाणारं रबर एकत्र जमवायचं तर सिलिका लागते, आणि सिलिका रबरात नीट मिसळणं खर्चिक आहे. नुसत्या कार्बन ब्लॅकवर, म्हणजे काजळीच्या भुकटीवर, बनवलेला कडक टायर ६०,००० किमी चालेल आणि कोरड्यात तक्रारही येणार नाही, पण ओल्यात लांब घसरेल. दुकानात उभं राहून दोघांतला फरक नक्षी बघून कळत नाही.

म्हणून खुणा वाचा. आयएसआय शिक्का सक्तीचा आहे, कारच्या टायरवर आयएस १५६३३ हा क्रमांक असतो. तो नसेल तर टायर परत द्या. तारांकित लेबल असेल तर लक्षात घ्या, ते तारे फक्त इंधन बचतीचे आहेत. पाच तारे म्हणजे ओल्यात पाच तारे नव्हेत. गोलातलं इंग्रजी ई आणि त्यानंतरच्या मंजुरी क्रमांकापुढे एस२ डब्ल्यू आर२ अशी अक्षरं दिसली तर त्यातल्या डब्ल्यूचा अर्थ ओल्या पकडीची चाचणी पार. युरोपच्या लेबलवर ढगाचं चित्र आणि ए ते ई श्रेणी असते. तोच टायर तिकडे विकला जात असेल तर श्रेणी ऑनलाइन सापडते. ८० च्या वेगाला एका श्रेणीमागे साधारण ३ ते ६ मीटरचा फरक धरतात. दीड हजारांत काय वाचतंय हे त्या मीटरांत मोजा.

जुन्या टायरला गरम पात्याने खाचा पाडून, काळी पॉलिश मारून विकतात, त्यापासून लांब राहा. ट्रकच्या काही टायरमध्ये अशा कटिंगसाठी जादा थर ठेवलेला असतो आणि साइडवॉलवर तसं छापलेलं असतं. कारच्या टायरमध्ये तो नसतो. खाच थेट पोलादी पट्ट्यांच्या जवळ जाते, पाणी शिरतं, पट्टा गंजतो आणि वेगात नक्षी सोलून निघते. खाचेच्या कडा धारदार आणि तळ लहरी दिसला, पट्टीचा उंचवटाच गायब असला, तर तो कापलेला टायर.

कुंभार्ली_उतार:
सगळ्यांचे आभार. आज स्टिअरिंग पूर्ण फिरवून पुढच्या टायरची आतली बाजू मोजली. बाहेरून दुसऱ्या खाचेत २.३, पण अगदी आतल्या खाचेत १.७! उजवीकडेही तसंच. मागच्या टायरना खाचांच्या तळाशी बारीक भेगा आहेत. चारही बदलतोय. १९५/६० आर १५ बसवले तर ग्रिप वाढेल का? आणि आतून का झिजले?

व्हर्नियर:
१.७ म्हणजे संपलेच. मोजताना चारही खाचा, आणि टायरच्या घेरावर तीन ठिकाणी, असंच मोजायचं असतं. दुकानात बाहेरची एकच खाच बघतात.

आतली कड दोन्ही बाजूंना सारखी झिजली म्हणजे बहुधा टो, म्हणजे चाकांची आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलाय. चाकं समोरून किंचित फाकलेली आहेत. टायरवरून तळहात आडवा फिरवा, एकदा आत, एकदा बाहेर. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर टोच. नवे टायर टाकण्याआधी टाय रॉड एंड (स्टिअरिंगचा चाकाजवळचा सांधा) आणि लोअर आर्मचे बुश (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचे रबरी सांधे) तपासून घ्या. तिथे ढिलाई असताना अलाइनमेंट केली तर पहिल्या खड्ड्यानंतर पुन्हा बिघडते आणि नवा सेट दहा हजार किमीत आतून साफ होतो. मशीनवरचे आधीचे आणि नंतरचे आकडे छापून घ्या. ठिगळासारखी आलटून पालटून झीज दिसत असेल तर शॉक ॲब्सॉर्बरही बघा. चाक उड्या मारत असताना ब्रेकचं अंतर वाढतं, टायर कितीही चांगला असो.

माप १८५/६५ च ठेवा. रुंद टायर त्याच वजनाखाली पाण्यावर लवकर तरंगतो, आणि पावसाळी घाट हीच तुमची चिंता आहे. मापापुढे लोडचा आकडा आणि वेगाचं अक्षर असतं: लोड ८८ म्हणजे टायरमागे ५६० किलो आणि एच म्हणजे २१० किमीपर्यंत. यापेक्षा खालचा आकडा किंवा अक्षर घेऊ नका.

हवा_बत्तीस:
बसवताना दोन-तीन गोष्टी समोर उभं राहून करून घ्या. चारही टायरचा आठवडा आणि साल वाचा, वर्षाच्या आतले घ्या, आणि ते आकडे बिलावर लिहून घ्या. रबरी व्हॉल्व्ह नवे टाका, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे. नक्षीला दिशा असेल तर बाण फिरण्याच्या दिशेला, आणि "आउटसाइड" लिहिलेली बाजू बाहेर. नट एअर गनने हलके लावून शेवटी टॉर्क पान्याने मॅन्युअलमधल्या आकड्याला घट्ट करायला सांगा, आणि ५०-१०० किमी झाल्यावर पुन्हा तपासा.

पहिले दोन-तीनशे किमी जपून. साच्यातून टायर सुटावा म्हणून लावलेला पदार्थ पृष्ठभागावर राहिलेला असतो, तो घासून जाईपर्यंत ओल्यात पूर्ण पकड मिळत नाही. म्हणून आज बसवून उद्या कुंभार्ली नको, आधी आठवडाभर गावात चालवा. स्टेपनीही २०१९ चीच असणार. न वापरलेली असली तरी रबराचं वय तेवढंच. ती मापाने लहान असून वर ८० चं स्टिकर असेल, तर पंक्चरच्या दुकानापर्यंत पोहोचायलाच वापरा, घाट चढायला नाही.