मदत हवी आहे: वॉटर कूलिंगसाठी शांत आणि परवडणारा पंप कोणता घ्यावा?

नमस्कार मंडळी. मी सांगलीत, विश्रामबागला राहतो. घरातल्याच एका खोलीत हौशी नाट्यसंस्थांसाठी पार्श्वसंगीत आणि ध्वनिमुद्रण करतो. माइक आणि कॉम्प्युटर एकाच खोलीत, दुसरी सोय नाही. प्रोसेसरवरच्या कूलरचा पंखा उन्हाळ्यात इतका घोंघावतो की नटाने वाक्याच्या मधे घेतलेला विराम रेकॉर्डिंगमध्ये विराम राहतच नाही. नॉइज रिडक्शन लावलं की श्वासही पुसला जातो, आणि ते मला मुळीच चालत नाही.

म्हणून वॉटर कूलिंग, म्हणजे प्रोसेसर फिरत्या पाण्याने गार करायचं ठरवलंय. तांब्याचा वॉटर ब्लॉक (प्रोसेसरवर बसून त्याची उष्णता पाण्याला देणारा ठोकळा) आणि ते पाणी गार करणारा २४० मिमीचा रेडिएटर मित्राकडून वापरलेला मिळाला. अडलंय पंपापाशी. बजेट चार हजारांच्या आत, फार तर साडेचार.

वॉटर कूलिंगच्या पंपांत डी-फाइव्ह (D5) या मॉडेलचं सगळेच कौतुक करतात, पण नवा घेणं झेपत नाही. डीडीसी (DDC) हे दुसरं मॉडेल लहान आणि दाबाला चांगला, मात्र तो तापतो आणि पूर्ण वेगात बारीक शिट्टीसारखा आवाज करतो असं वाचलंय. माइक तो नक्की पकडणार. इथल्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानात फिश टँकचा पंप सुचवला, अगदी स्वस्त. पण तो सरळ २३० व्होल्टवर चालतो. लाइट गेली की कॉम्प्युटर यूपीएसवर चालू आणि पंप बंद, ही धास्ती वाटते.

ताशी हजार-दीड हजार लिटरचा पंप खरंच लागतो का? रेडिएटर कॅबिनेटच्या वरच्या बाजूला बसणार, मग ‘हेड’ (पंप पाणी किती उंच चढवू शकतो तो आकडा) जास्त बघावा का? आणि पंपाची थरथर पत्र्यात उतरू नये म्हणून तुम्ही काय करता?

प्रतिसाद, साताऱ्याहून:

फिश टँकचा पंप नकोच. लाइटचं कारण तुम्हीच दिलंत. शिवाय ५० हर्ट्झच्या एसीवर चालणाऱ्या पंपाची गुणगुण १०० हर्ट्झच्या आसपास बसते, म्हणजे नेमकी पुरुषी आवाजाच्या पट्टीत. वेगही कमी करता येत नाही.

खोक्यावरचा लिटरचा आकडा समोर काहीही अडथळा नसतानाचा असतो. डी-फाइव्हवर ताशी १५०० लिटर लिहितात, पण ब्लॉकमधल्या बारीक पात्यांतून आणि रेडिएटरमधून जाताना प्रवाह खूपच घटतो. मिनिटाला तीन-चार लिटर मिळाले की झालं. त्यापुढे वेग वाढवला तर तापमान जेमतेम एखाद-दुसरा अंश उतरतं, आवाज मात्र चढत जातो. हेडचंही तसंच. पंप, ब्लॉक, रेडिएटर आणि नळ्यांचा बंद लूप एकदा भरला की वर चढणाऱ्या पाण्याचं वजन खाली उतरणारं पाणी तोलून धरतं. रेडिएटर वर असो की खाली, पंपाला झगडावं लागतं ते फक्त अडथळ्याशी.

तेव्हा वेग किती खाली आणता येतो ते बघा. पीडब्ल्यूएमवाला, म्हणजे मदरबोर्डच्या सिग्नलने वेग बदलता येणारा डी-फाइव्ह ४८०० आरपीएमपर्यंत (मिनिटाला फेरे) जातो. एका ब्लॉकला आणि एका रेडिएटरला निम्मा वेग पुरेल, आणि तेवढ्यावर तो जवळजवळ ऐकूच येत नाही. तुमच्या बजेटात वापरलेलाच बसेल. घेण्याआधी पाण्यात चालवून ऐका, खरखर आली तर सोडून द्या. कोरडा क्षणभरही चालवू नका, त्याच्या बेअरिंगला वंगण पाण्याचंच असतं. वीज एसएमपीएसमधून (कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमधून) द्या, मदरबोर्डवरून फक्त वेगाचा सिग्नल. तिथलं पंख्याचं कनेक्शन सहसा एक अँपिअरचं असतं आणि हा पंप पूर्ण वेगात दोनच्या आसपास ओढतो.

पंप स्क्रूने थेट पत्र्यावर आवळू नका. खाली जाड स्पंज ठेवा, नळ्या मऊ घ्या. चालू पंप तळहातावर उचलून धरा. आवाज एकदम कमी झाला तर पत्राच वाजत होता असं समजा. लूपमधल्या पाण्याची टाकी पंपाच्या वर हवी. सुरुवातीला बुडबुडे वाजतील, कॅबिनेट हळूच तिरकं करून हवा काढत राहा. पाणी डिस्टिल्डच, बोअरचं नको. आणि रेडिएटर अॅल्युमिनियमचा नाही ना, हे आधी पाहा. तांब्याच्या ब्लॉकबरोबर तो आतून खाल्ला जातो.

धागाकर्ता:

मनापासून आभार. कोल्हापुरात एकाकडे वापरलेला डी-फाइव्ह आहे, माइक घेऊनच ऐकायला जातो. एक राहिलं: मे महिन्यात खोलीच ३७-३८ अंशांवर असते. तेव्हा पंप वाढवू की पंखे?

प्रतिसाद, साताऱ्याहून:

पंखे. पाणी खोलीपेक्षा गार होऊ शकत नाही, उष्णता बाहेर टाकते ती रेडिएटरमधून जाणारी हवा. पाणी ५० अंशांच्या फार वर जाऊ देऊ नका, डी-फाइव्हची मर्यादा ६० ची आहे. रेकॉर्डिंगपुरते पंखे अगदी कमी करा. पाणी तापायला वेळ लागतो, तेवढ्यात एखादा प्रवेश निवांत होईल.